नदीच्या खालच्या अंगाला

इंग्लंडमध्ये, श्रूजबरीतल्या माझ्या किचनमध्ये तुर्की कॉफी उतू गेली आणि २००६ सालच्या सहलीतलं तुर्कस्तानचं बोझजाडा बेट आठवलं. सोबत इथलेच शेजारचे मराठी काका होते. द्राक्षवेलींच्या गल्लीत ग्रीक वस्ती, पलीकडे तुर्की.

"किती गोडीनं राहायचे बघ!" काका म्हणाले.

वेगळ्या वस्त्यांतल्या गोडीवर माझा विश्वास नाही. मी आमच्या तुर्की गाईडला विचारलं, "विहीर एकच होती?" तो नुसता हसला.

काकांनी हळूच विचारलं, "गावात तुमचं घर कुठे रे?"

"नदीच्या खालच्या अंगाला, काका. गावाबाहेर."

तोवर आम्ही एकाच बाटलीतून पाणी पीत होतो. काकांनी झाकण लावून ती बॅगेत टाकली. मी संतापून पुढे निघालो; बाटली रिकामी होती का, पाहिलंच नाही.

त्यांच्याकडे चहा घेताना मी अजून आधी इतरांचे कप बघतो.