शेवटच्या पानाचं दुखणं

आमचे घरमालक माणसांची पोटं ऐकण्यासाठीच जन्माला आले होते, याबद्दल सगळ्या मालवणात दुमत नव्हतं. तसे ते साधे डॉक्टर. ताप, खोकला, गळवं, सगळं बघायचे. पण ताप बघताना त्यांचा चेहरा कचेरीतल्या कारकुनासारखा कंटाळलेला असायचा, आणि कोणी ‘पोटात दुखता’ म्हटलं की देवळात पाऊल ठेवल्यासारखे गंभीर व्हायचे. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे, बाहेरच्या बाकावरच्या मंडळींना गप्प बसायला सांगायचे, आणि मगच रोग्याला आडवा करायचे. गावाने त्यांना ‘पोटाचो दाक्तर’ हेच नाव दिलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गावोगाव चालू होत्या त्या वर्षी मी इथल्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो आणि त्यांच्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. माझी बायको, आई आणि शिकायला आलेले दोन धाकटे भाऊ, एवढं आमचं खटलं. डॉक्टर विधुर, एकटेच राहायचे.

त्यांची तपासायची रीत सगळ्या तालुक्याला पाठ होती. “खंय दुखता तां सांगू नको, दाखव,” असं ते म्हणायचे. रोग्याने सगळा तळवा पोटावरून जमीन सारवल्यासारखा फिरवला की डॉक्टर निर्धास्त. “वारो आसा. जा, जरा चलान ये.” पण कोणी छातीच्या खाली, बरोबर मध्यावर एकच बोट टेकवलं, की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मग पुढचे प्रश्न. जेवण्याआधी दुखतं की जेवल्यावर? खाल्लं की थांबतं की वाढतं? आणि सगळ्यात शेवटी, “काल काय खाल्लंस?” इथे जो तो खोटं बोलायचा. पोटात एक आणि ओठांत एक, हे मी त्या दवाखान्याइतकं दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. बाजारातल्या एका वाण्याने रामेश्वराची शपथ घेऊन सांगितलं की तीन दिवस पेजेशिवाय पोटात काही नाही. डॉक्टर म्हणाले, “बरां. हयच बसान रव.” तासाभराने वाण्याला एक दणदणीत ढेकर आला आणि तळलेल्या सुक्या बांगड्याचा वास बाकभर पसरला. डॉक्टरांनी आतून मानही वर केली नाही. “ह्या पेजेक शेपटी आसा,” एवढंच म्हणाले.

रोग पोटात असला तरी त्याचं मूळ चुलीपाशी असतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. म्हणून कुणाच्या घरी गेले की रोग्याच्या खाटेकडे न जाता ते सरळ स्वयंपाकघरात शिरायचे आणि टोपांवरची झाकणं उचलून बघायचे. नवख्या घरात यावरून आरडाओरडा व्हायचा. आमच्याकडे तर ते कौलं गळतात का बघायला म्हणून यायचे आणि बघायचे टोप. माझी आई वालावलची, सोवळ्याची. ती दिवसभर पुटपुटत राहायची. देवबागला एका नव्या सुनेचं पोट सारखं दुखायचं. डॉक्टरांनी झाकणं उचलली, सासूकडे पाहिलं, आणि एक पुडी देऊन बजावलं, “ही पूड रिकाम्या पोटार गेली तर विख होता. आधी वाडगोभर पेज, मगे पूड. आणि तुमी स्वतः समोर बसान घाला.” ती सासू महिनाभर सुनेसमोर वाडगा घेऊन बसली आणि सून टुणटुणीत झाली. पुडीत काय होतं ते मी विचारलं. “सोडा आणि पिठीसाखर,” डॉक्टर म्हणाले. “औषध म्हणजे ती पेज.” मी खूप हसलो होतो. दुसऱ्याच्या घरातलं हसायला सोपं असतं.

पुढच्याच वर्षी माझ्या बायकोने डॉक्टरांसमोर एक बोट टेकवलं. वर्षभर तिच्या पोटात आग होत होती आणि तोंडाला आंबट पाणी सुटत होतं. आम्ही ओवा, आवळा, अंगारा सगळं करून बसलो होतो. डॉक्टरांनी फोंडाघाटमार्गे कोल्हापूरला पाठवलं. तिथे तिला खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी पाजून पोटाचे फोटो काढले. आत व्रण निघाला. तिथले सर्जन म्हणाले, तीन महिन्यांत भरला नाही तर पोट कापावं लागेल. आमच्याच आळीतली एक बाई अशी कापायला म्हणून गेली होती, ती परत आली नव्हती. येताना एस.टी.त बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि मी फार घाबरलो होतो.

डॉक्टरांनी सांगितलं, पूड घ्यायची, तिखट बंद, उपास बंद, आणि पोट रिकामं ठेवायचं नाही. महिना गेला. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या, बोट मात्र जिथल्या तिथे. मग एका दुपारी डॉक्टरांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. एरवी मालवणी बोलणारे डॉक्टर फार गंभीर झाले की पुस्तकी मराठी बोलत.

“मास्तर, तुमच्या पत्नीने काल काय खाल्लं?”

“आम्ही खाल्लं तेच. भात, आमटी...”

“तुम्ही पाहिलंत?”

मी काय खाल्लं ते मला आठवत होतं, भावांनी किती खाल्लं तेही. डॉक्टर म्हणाले, “बाहेर बाकावर बसा. आठवलं की सांगा.” मी बसलो. समोरून माझेच विद्यार्थी नमस्कार करत जात होते. तासभर बसलो, आठवलं नाही, कारण लग्नाला पाच वर्षं होऊनही मी तिला जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि ती आजही तितकीच वाटते.

“दुखणं तिचं, पण औषध तुम्ही घ्यायचं,” डॉक्टर म्हणाले. “उद्यापासून घरातल्या बायका आधी जेवतील. तुम्ही शेवटी.” हे सांगायला ते स्वतः आमच्या स्वयंपाकघरात आले. आई कडाडली, “घोवाच्या आधी बायल जेवली असां आमच्यात कधी झालां नाय. आमी जल्मभर सगळ्यांच्या मागसून जेवलों. आमका काय झालां?”

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “वैनी, तुमचां पोट कधी दुखलां नाय?”

आईचा हात पदराखाली गेला आणि एक बोट बरोबर मध्यावर टेकलं. “दुखता मा,” ती म्हणाली. “बायलमाणसाचां पोट दुखताच. तां काय दाक्तराक सांगूचां?”

मी तीस वर्षांचा होतो. आईचं पोट दुखतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शेवटी जेवायला लागलो. सगळ्यांचं आटोपल्यावर मी डॉक्टरांच्याच गांभीर्याने झाकण उचललं, तर आमटीत बांगड्याची मधली तुकडी. चांगली जाड. मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी सुरमईची. तिसऱ्या दिवशी बायकोला म्हटलं, ही तू खा. “माझां झालां,” ती म्हणाली. आठ दिवस हेच चाललं. शेवटी मी जरा तक्रारीच्याच सुरात डॉक्टरांना सांगितलं, “डॉक्टर, मी रोज शेवटी बसतो. तरी माझ्यासाठी तुकडी उरतेच.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही.

“आमच्याकडेही उरायची,” ते म्हणाले. “मी खात असे. मला वाटायचं, जास्त झाली म्हणून उरली.”

त्यांची पत्नी दवाखाना काढल्यावर थोड्याच वर्षांत पोटाच्या दुखण्याने गेली, एवढं मी गावाकडून ऐकून होतो. त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल हे एवढंच ऐकलं.

त्या दिवशी मी घरी आलो आणि पाचही पानं एकदम मांडली. आईने तोंड फिरवलं, पण पानावर बसली. मधली तुकडी मी बायकोच्या भातावर वाढली आणि ती खाईपर्यंत हात आवरून बसून राहिलो. ती आधी लाजली, मग रडली, आणि शेवटी तिने ती काट्यापर्यंत खाल्ली. पुढे रोज हेच. तीन महिन्यांनी कोल्हापूरला पुन्हा फोटो काढले. सर्जन म्हणाले, कापायची गरज नाही.

मी एस.टी.तून उतरून तसाच दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना सांगितलं. “बरां झालां,” ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाकावर सात-आठ माणसं पोट धरून वाट बघत होती. त्यांनी बराच वेळ कोणाला आत बोलावलं नाही, आणि बाकावरूनही कोणी हाक मारली नाही.