न दिसल्याची खूण

मी जन्माची भित्री. घरात पाल दिसली तरी पलंगावर चढणारी बाई, आणि मला बसवलं होतं आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेत लाइन जज म्हणून. कोर्टाच्या कडेला, मागच्या रेषेच्या टोकासमोर माझी खुर्ची.

डिचोलीच्या शाळेत मी खेळ शिकवते. तिथं अंगणात चुन्यानं रेषा मारायच्या. अर्धा खेळ होईपर्यंत पोरं त्या पायांनी पुसून टाकतात, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. लाइन जजची परीक्षा पास झाले म्हणून इथं बोलावणं आलं. पेडण्याच्या घरून निघताना सासूबाई म्हणाल्या, "खय पडला ता सांगूचा, एवढाच ना काम? मगे इतक्या भियातंस कित्याक?"

काय सांगणार त्यांना? खुणा तीनच. शटल बाहेर पडलं तर "आउट" ओरडून दोन्ही हात फाकवायचे. आत पडलं तर तोंडातून चकार शब्द नाही, नुसता उजवा हात रेषेकडे. आणि दिसलंच नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, सगळ्या जगासमोर. ही तिसरी खूण करायची वेळ येऊ नये म्हणून मी सातेरीदेवीला नारळ बोलले होते.

माझ्या कोर्टावर आली ती डेन्मार्कची. मोपाच्या विमानतळावर उतरताना तिचं विमान आमच्याच कौलांवरून गेलं असणार. पस्तिशी उलटलेली, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. माईकवर सांगितलं की ही लहानपणापासून खेळते, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पुन्हा उभी राहिली, आणि ही तिची शेवटची स्पर्धा. इथं हरली की रॅकेट कायमची खाली ठेवणार. अगो बाई, म्हणजे हिचा शेवट माझ्या हातून व्हायचा की काय!

समोरची मुलगी तिच्याहून कितीतरी लहान. तरी हिनं मॅच तिसऱ्या गेमपर्यंत ओढली. पॉइंट संपला की ती माझ्या बाजूला येऊन थांबायची आणि तिची धाप मला ऐकू यायची. मी मनात म्हणत होते, बये, आज जिंक आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी रेषेवर हर.

मग मॅच पॉइंट आला, तिच्या विरुद्ध. शटल उंचावरून थेट माझ्या रेषेकडे. ती मागे मागे आली, रॅकेट उचलली, आणि शटल सोडून दिलं. उभी नेमकी माझ्या नजरेच्या आड! शटल टेकल्याचा आवाज ऐकला, पण दिसली फक्त तिची पट्टी बांधलेली तंगडी.

ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. हात फाकवले असते तर खेळ चालू राहिला असता, हॉलनं टाळ्या वाजवल्या असत्या. उजवा हात रेषेकडे दाखवला असता तर तिचा सगळा खेळ तिथंच संपला असता. मी डोळे झाकले.

कुणीतरी फिसकन हसलं. घरी सगळं खटलं मोबाईलसमोर बसलेलं. उद्या शाळेत पोरं काय म्हणतील? मला पुन्हा कधी बोलावतील का? आणि तिचं काय? हात खाली घ्यायचा धीरच होईना.

घेतले तेव्हा पंच उंच खुर्चीतून वाकून बघत होते. तिच्या पाठीमुळे त्यांनाही दिसलं नव्हतं, आणि आमच्या कडेच्या कोर्टावर कॅमेऱ्यानं तपासायची सोय नव्हती. म्हणजे पॉइंट पुन्हा खेळायचा. माझा जीव भांड्यात पडला. नशीबवान गो तू बाई, खेळ अजून!

ती जागची हलली नाही. शटलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंड लालबुंद, ओठ घट्ट मिटलेले. पंच बोलायच्या आत तिनं उजवा हात उचलला आणि खाली रेषेकडे दाखवला. तोंडातून चकार शब्द नाही.

मग रॅकेट काखेत धरून ती जाळीकडे गेली, त्या मुलीशी हात मिळवायला. मी खुर्चीत बसूनच रडले. लाइन जजनं रडायचं असतं की नाही, ते परीक्षेत विचारलं नव्हतं.