मयतीचा तांदूळ

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की राग येतो. हा राग कुणावर काढायचा, ते मात्र एवढ्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. पोलिसाच्या डोक्याला एक सवय असते, गुन्हा म्हटला की आरोपी असलाच पाहिजे. इथे प्रेत होतं, पंचनामा होता, कबुलीही होती, आणि आरोपी म्हणून लिहायला एकही नाव नव्हतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. भंडारा जिल्ह्यात साकोलीच्या बाजूला एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. दुष्काळ सरकारी कागदांत संपला होता. लोकांच्या चुली पाहिल्या तर तसं वाटत नव्हतं. गावांची, माणसांची नावं मी लिहिणार नाही. त्यांची लेकरं-नातवंडं तिथेच राहत असतील, त्यांना कशाला त्रास.

आमच्या ठाण्याच्या गावी एक मदत मंडळ होतं. राईस मिलवाले, कापड दुकानदार आणि एक निवृत्त हेडमास्तर अशांनी मिळून ते काढलेलं. हेडमास्तर अध्यक्ष. अगदी सरळ माणूस, स्वतःच्या पेन्शनीतून भर घालायचे. गरजू घरांना दर बाजाराच्या दिवशी तांदूळ, थंडीत पांघरूण, आजाऱ्याला औषध असं मंडळाचं काम. पण सुरुवातीलाच अर्धा तालुका दारात येऊन उभा राहिला आणि यांची छाती दडपली. तेव्हा त्यांनी नियम केला. ज्या घरी मयत होईल, त्या घराला वर्षभर तांदूळ. पोलीस पाटलाने तोंडी सांगितलं की पुरे. हेडमास्तर मला म्हणाले होते, "ठाणेदार साहेब, इथे गरीब कोण नाही? आणि गरिबीचं सोंग आणता येतं. मयतीचं सोंग कोण आणेल?" लोक त्याला मयतीचा तांदूळ म्हणायचे. असलं नाव तोंडात बसलं की माणसाला त्याचं काही वाटेनासं होतं.

पौष महिना होता. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली होती, मजुरांच्या हाताला काम नव्हतं. सकाळची हजेरी झाली आणि आमचे जमादार एका ढीवराला, तलावात मासे धरणाऱ्याला, घेऊन आले. जमादार जुना माणूस, बोलणं फटकळ, पण माणसाची पारख पक्की.

"तलावावर काय पाह्यलं ते साहेबाले सांग," ते म्हणाले.

"परवा दिवस उगवता उगवता मी जाळं काढून राहिलो होतो जी. तलावाच्या पाळीखाली दोघं जण खड्डा खणून राहिले होते. एक माणूस, कमरेत वाकलेला. एक बाई. बाजूले बाज, अन् बाजेवर गोधडीत गुंडाळलेलं कोणीतरी."

"मयत असेल. गोरगरीब पुरतातच. त्यात काय एवढं?"

"हव जी. पण ना खांदेकरी, ना आगीचं मडकं. अन् ते रडून नव्हते राहिले. बाईनं तोंडात पदर कोंबला होता. मयतीले माणूस रडते नं जी?"

आरडाओरडा ऐकला म्हणून खबर द्यायला लोक नेहमी यायचे. रडणं ऐकू आलं नाही म्हणून आलेला हा पहिलाच. जमादार हळूच म्हणाले, "साहेब, जादूटोण्याच्या संशयावरून एखाद्या बुडीले मारलं असन." त्या भागात असे प्रकार होत, त्यामुळे माझ्याही मनात तेच आलं.

तलावाकाठच्या गावात गेलो. पोलीस पाटलाला विचारलं, एवढ्यात कोणी मेलं का? "नाही जी." कोणी बेपत्ता? "नाही जी." प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, नायब तहसीलदारांना बोलावलं आणि पंचांसमक्ष जागा उकरली. फार खोल नव्हती. निघाली एक म्हातारी. नुसती हाडं आणि कातडी. पण लुगडं धुतलेलं, केस विंचरलेले आणि तोंडात तुळशीचं पान. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मारणारा माणूस तुळस ठेवत नाही.

ओळख पटवायला एकेकाला पुढे बोलावलं. जो तो वाकून पाही आणि म्हणे, "नाही ओळखत जी." एका बाईने नाही म्हणता म्हणता हात जोडले आणि आपलेच हात पाहून दचकून खाली घेतले. गावात भांडण असलं तर पोलिसाला दहा जण दहा गोष्टी सांगतात. सगळा गाव एकच गोष्ट सांगायला लागला की समजावं, सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कमरेत वाकलेला माणूस शोधायला वेळ लागला नाही. तो आधी राईस मिलमध्ये हमाल होता. पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली, तेव्हापासून सरळ उभा राहू शकत नव्हता. बायको बिड्या वळायची. घरात लहान लेकरं. त्याच्या घरी म्हातारं कोणी होतं का, असं विचारल्यावर पोलीस पाटील म्हणाला, "माय होती त्याची. वैशाखात पोरीच्या गावाले गेली होती, तिकडंच मेली. मंडळाचा तांदूळ चालू आहे नं त्याले." हे सांगताना तो माझ्याकडे न बघता बैलांकडे बघत होता.

त्या माणसाला ठाण्यात आणलं. भिंतीला टेकून बसला. डोक्याला दुपट्टा घट्ट बांधलेला.

"तलावावर कायले गेला होतास?"

"सरपणाले जी."

"बाज घेऊन?"

त्याने दुपट्ट्याची गाठ चाचपली.

"कोण होती ती म्हातारी?"

"मले नाही माहीत जी."

दुपार झाली तरी तेच. धाकदपटशाने घाबरेल असा तो माणूस नव्हता, त्याच्या अंगात घाबरण्याइतकाही जोर उरलेला दिसत नव्हता. चहा दिला तर तो हातात धरून बसला. मी त्याला सरळ सांगितलं, "हे बघ, हे खुनाचं प्रकरण आहे. तू आत गेलास तर तुझी लेकरं काय खातील?" त्यावर त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, "बोललो तं काय खातील जी?" मला या बोलण्याचा अर्थ लागेना.

जमादारांचा पारा चढला. "साहेबापुढं दुपट्टा गुंडाळून बसतं का बे? काढ तो." त्याने दोन्ही हातांनी दुपट्टा धरून ठेवला. एवढ्या वेळात त्याने केलेला हा एकच विरोध. जमादारांनी ओढून काढला, आणि आम्ही दोघेही थबकलो. डोकं ताजं भादरलेलं होतं. कानामागे वस्तरा लागल्याची जखम अजून ओली होती.

आमच्याकडे पोरगा असं डोकं करतो ते बाप मेल्यावर, नाहीतर आई मेल्यावर.

"बाप कधी मेला तुझा?" मी विचारलं.

"लहान होतो जी."

"अन् माय वैशाखात मेली, असं पाटील सांगतो. मग हे कोणासाठी?"

त्याने चहा खाली ठेवला. मग कपाळ जमिनीला टेकवून तो असा हुंदके देऊ लागला की पहाऱ्यावरचा शिपाई धावत आत आला.

"वैशाखात नाही भादरलं जी. जित्या मायसाठी कोण भादरन? उन्हाळा होता, दुपट्टा बांधून भागलं. कोणी इचारलं नाही."

"आणि आता? पकडला जाशील एवढं समजलं नाही तुला?"

"समजलं जी. पण आता तं मेली नं माय. आता भादरा लागतेच."

मंडळाचा नियम त्या घराला ठाऊक होता. म्हातारीनेच डोकं चालवलं. पोराला म्हणाली, मी मेली म्हणून सांगून दे, घरात तांदूळ तरी येईल. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मग लेकरांकडे पाहून गेला आणि पोलीस पाटलाला सांगून आला. त्या दिवसापासून म्हातारी मागच्या खोलीत. उजेडात बाहेर पडायचं नाही, खोकला आला तर तोंडावर गोधडी घ्यायची, आणि अंधारात बसल्या बसल्या सुनेसोबत बिड्या वळायच्या. वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. आज याच्या घरी, उद्या आपल्या घरी, असा सगळ्यांचा हिशेब.

त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तिला आत बोलावलं. तिने नवऱ्याचं उघडं डोकं पाहिलं आणि कायद्याचं काही विचारायच्या आधी मला विचारलं, "यानं सांगून टाकलं का जी? मंग आता रडलं तं चालते का?"

मी मान हलवली. ती बाई जी रडली, बाप्पा रे! कोठडीतला दारूबंदीच्या केसमधला आरोपी गजाला धरून उभा राहिला. जमादार बाहेर निघून गेले. तेवढा पक्का माणूस, पण निघून गेला.

"बुडी मेली कशी?" ती शांत झाल्यावर मी विचारलं. जबाब घेणं मला भागच होतं.

"जेवेच ना जी. ताट वाढलं तं इकडं सरकवे. हसे अन् म्हणे, मेलेल्या माणसाले कायचा भात वं? लेकराइले वाढ. आमाले वाटे, गंमत करून राहिली. पयले एक टाइम जेवे. मंग पेजच पिये. मंग तेही नाही."

"तुम्ही जबरदस्ती का नाही केली?"

"केली जी. भांडली मी तिच्याशी. म्हणे, तो तांदूळ माह्या मयतीचा आहे. मीच जेवली तं मंग मेली कायले?"

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा अहवाल आला. डॉक्टर तरुण होता, नुकताच नोकरीला लागलेला. अंगावर खूण नाही, गळ्यावर वळ नाही, विष नाही. पोट रिकामं. मला म्हणाला, "हिला कोणी मारलं नाही साहेब. तुम्ही कोणतं कलम लावणार?" मी त्याच्यावर विनाकारण खेकसलो. कलम असतं तर मी केव्हाच लावलं असतं.

प्रेत ताब्यात दिलं. त्या दिवशी अख्खी वस्ती आली होती. ज्यांनी ज्यांनी "ओळखत नाही" म्हणून सांगितलं होतं, ते सगळे छाती पिटून तिचं नाव घेत होते. पोलीस पाटलाने खांदा दिला. 

पण बाजारात गोष्ट फुटायची ती फुटलीच. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो माणूस पिशवी घेऊन मंडळाच्या रांगेत उभा राहिला आणि त्याला परत पाठवलं. जमादारांनी मला येऊन सांगितलं. मी वर्दीतच हेडमास्तरांच्या घरी गेलो. तांदूळ वाटणं हे पोलिसाचं काम नाही, हे मला कळत होतं. तरी गेलो.

हेडमास्तरांना सगळं कळलेलं होतं. त्यांचे डोळे लाल होते, रात्रभर झोपले नव्हते म्हणे. मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्या नियमानेच बोलतो. आता तर त्या घरी खरी मयत झाली आहे. आजपासून धरून तरी वर्षभर तांदूळ द्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "झाली, मान्य आहे. पण त्या बाईच्या मयतीचा तांदूळ त्यांनी आधीच उचलला आहे, साहेब. एकाच माणसाची मयत दोनदा कशी धरू? उद्या दुसरे काय म्हणतील?" आणि माझा हात धरून पुढे म्हणाले, "फसवणुकीची तक्रार मात्र आम्ही देणार नाही हो. एवढी माणुसकी आहे आमच्यात."

ओरडायला तोंड उघडलं, पण समोर एक म्हातारा मास्तर रडत उभा होता. सलाम केला आणि परत आलो. मर्गच्या अंतिम अहवालात मृत्यूचं कारण म्हणून वार्धक्य आणि अशक्तपणा लिहिलं. वरून काही विचारणा झाली नाही. अशा अहवालावर कधीच होत नाही. ते कुटुंब होळीच्या आधी गाव सोडून गेलं. कोणी म्हणे विटाभट्टीवर, कोणी म्हणे कोळशाच्या खाणीकडे. मी पुढे त्या बाजूच्या ठाण्यांत विचारलं, पत्ता लागला नाही.

पुढे नोकरीत मी खून, दरोडे पुष्कळ पाहिले. दुष्ट माणसं पाहिली, त्यांना बेड्या घातल्या, आणि रात्री बरी झोप लागली. या प्रकरणात दुष्ट कोणीच नव्हतं, म्हणून हे आठवलं की झोप लागत नाही. मंडळातले लोक चांगले होते. पोरगा चांगला, सून चांगली, खोटं बोलणारा गावसुद्धा चांगलाच. मला एवढंच कळलं की भुकेल्या माणसाकडे पुरावा मागत गेलं, तर तो शेवटी प्रेत आणून दाखवतो. त्या म्हातारीने स्वतःचं दाखवलं. तेही पुरलं नाही.