हातातली दांडी

मी बायकांच्या हनुवटीवरचे केस काढते. मेणानं नाही, दोऱ्यानंही नाही, सुईनं. केसाच्या मुळाशी केसाइतकीच बारीक सुई सरकवायची, विजेचा हलका प्रवाह सोडायचा आणि मूळ मेलं की केस चिमट्यानं अलगद उचलायचा. नीट साधलं तर तो परत उगवत नाही. याला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. औरंगपुऱ्यातल्या एका माडीवरच्या खोलीत मी हे शिकले, तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं.

मला शिकवणाऱ्या बाई हैदराबादहून हे शिकून आल्या होत्या. त्या सांगायच्या, "ही विद्या मुळात डोळ्यांची. अमेरिकेत एक डोळ्यांचा डॉक्टर होता. पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचायचे, ते तो सुई आणि बॅटरीनं जाळायचा. केस परत येत नाहीत हे ध्यानात आलं आणि सुई पापणीवरून गालावर आली. दुखणं घालवायला निघालेली विद्या आहे ही, विसरू नको."

नंतर नवी यंत्रं आली, एका केसाला लागणारा मिनिटभराचा वेळ क्षणावर आला. बाईंनी मात्र जुनी पेटीच ठेवली. तिला दोन वायरी होत्या. एक सुईला जायची. दुसरीच्या टोकाला धातूची दांडी असायची, ती ओल्या फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. दांडी धरली तरच प्रवाह फिरायचा. सोडली की बंद. बाई प्रत्येकीला सांगायच्या, "दुखलं तर सोडून दे. मला विचारायचं नाही." आणि मला सांगायच्या, "लगतचे दोन केस एका दिवशी घ्यायचे नाहीत. कातडीला सावरायला जागा ठेव."

बाईंच्या हाताला कंप सुटला तेव्हा त्यांनी पेटी मला दिली आणि त्या मुलाकडे राहायला गेल्या. त्यानंतर तीनच महिन्यांत सोयगावची ती मुलगी आली.

वय असेल वीस-एकवीस. हनुवटी आणि जबड्याखाली दाट, राठ केस होते. बरोबर मामी होती. मुलगी बोललीच नाही, सगळं मामीच बोलली.

"दीड महिन्यावर लग्न हाय मॅडम. पाहुण्यांनी बघितलं तवा पदर ओढून बसवली होती. आता एक केस दिसला नाय पाहिजे."

मी म्हटलं, "याला वर्ष-दीड वर्ष लागतं."

"दुसरीकडं चार बैठकांत करून देत्यात म्हणं." मामीनं खोलीभर नजर फिरवली. "तुमाला जमत नसंल तर तसं सांगा."

मला जमत होतं. निदान मला तसं दाखवायचं होतं. मी नवी होते, बाईंची सावली डोक्यावर नव्हती, आणि 'जमत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात.

ती शहरात मामीकडेच राहायला आली होती, आठवड्यातून तीनदा यायची. मी प्रवाह वाढवला. एक केस झाला की शेजारचाच घ्यायला लागले. तिच्या हातात दांडी देताना पहिल्या दिवशी मी बाईंसारखंच म्हटलं होतं, "दुखलं तर सोडून दे." तिनं मान हलवली होती. दोन-दोन तास ती डोळे मिटून पडायची. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानात जायचं, बोटांची पेरं पांढरी व्हायची. समोरच्या स्टुलावर मामी बसलेली असायची. मी भिंगाच्या दिव्याखाली वाकून केस मोजल्यासारखे टिपत राहायचे.

तिनं एकदाही दांडी सोडली नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी हनुवटीवर खपल्याच खपल्या होत्या. "यांना हात लावू नका," असं मी बजावलं. पण हळद लावणाऱ्या बायका थोड्याच ऐकतात. मी लग्नाला गेले होते. पावडरच्या थराखाली मला ते दिसलं. खपल्या निघून गेल्या होत्या आणि तिथं खड्डे पडले होते. बोटानं ओल्या मातीत टोचे मारावेत तसे.

मामीनं सगळ्यांदेखत माझी ओटी भरली. "लई झ्याक काम केलं मॅडमनी. हाय का एक तरी केस?"

कुणीच मला काही म्हणालं नाही. तेच मला झेपलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी माफी मागून मोकळी झाले असते.

त्यानंतर कितीतरी वर्षं ती हनुवटी माझ्याबरोबर राहिली. कणीक मळताना बोट रुतलं की मी हात धुऊन उठायचे. कुणाच्याही हातात दांडी दिली की माझं लक्ष सुईकडे कमी आणि तिच्या बोटांकडे जास्त. शेवटी ती पेटी मी बंद करून टाकली, दांडीशिवाय चालणारं यंत्र घेतलं. तरी भिंगाखाली वाकले की समोरच्या स्टुलावर कुणीतरी बसलंय असं वाटायचं, आणि मी मान वर करून बघायचे.

जालना रोडवर लेझरचे बोर्ड लागले तशा तरुण मुली तिकडं गेल्या. लेझरला पांढरा केस दिसत नाही, म्हणून आता माझ्याकडे वयस्क बायका येतात. गेल्या वर्षी त्यांत मामीही आली, हनुवटीवरचे पांढरे केस घेऊन. मी भाचीचं विचारलं.

"ती व्हय? वाळूजला हाय. पोळीभाजीची खानावळ चालवती. कंपनीतली पोरं जेवत्यात तिच्याकडं."

पुढच्याच आठवड्यात मी गेले. दुपार होती. ती तव्यासमोर उभी होती. तिनं मला लगेच ओळखलं.

"बसा मॅडम."

खड्डे तसेच होते. त्यांच्या भोवतीनं जबड्यावर हिरवट सावली होती. माझी नजर तिनं पकडली.

"परत आले की केस. दाढी करते मी आता, रोज सकाळी. दोन मिनिटाचं काम. पहिलं रेझर ह्यांनीच आणून दिलं."

मी म्हटलं, "माझं चुकलं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

तिनं पोळी उलटली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणला होता, दुखलं तर सोड. मला वाटायचं, सोडली की लग्न मोडंल. पण मॅडम, तुमाला दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं," मी म्हटलं.

तवा धुरावला, तिनं गॅस बारीक केला. बाहेर शिफ्टची बस थांबली आणि माणसं आत यायला लागली.

"आता गर्दी होईल," ती म्हणाली. "या तुम्ही."

महिन्याभरापूर्वी एक आई मुलीला घेऊन आली. लग्न तोंडावर, लेझरनं चेहरा भाजलेला, राहिलेले केस सुईनं काढून द्या म्हणत होती. मी नाही म्हटलं, कारणही समजावलं. आई चिडली. मुलगी दारात थांबून क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग जिना उतरून गेली. तिच्या चेहऱ्याला पुढे कुणी हात लावला, काय केलं, मला माहीत नाही.