साहेबांपुढं हसलो तेव्हा

"खाली उतर. हात पुढं कर," शिपाई म्हणाला.

दत्तू कांबळे बाकावरून उठला. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली गेला. ओंजळ धरली. शिपायानं वरून पाणी ओतलं, अर्धं त्याच्या सदऱ्यावर सांडलं. मुलाखतीला आलेली सगळी पोरं बघत होती. मीही. माझ्या हातात काचेचा गिलास होता. मी तो पिऊन संपवला.

दत्तू माझा अस्पृश्य मुलांच्या बोर्डिंगातला सोबती. दोघंही महार, कुरुंदवाडकडचे. मुंबईची एक मोठी कंपनी कोल्हापुरात कचेरी उघडणार होती, कारकून हवे होते. लेखी परीक्षेत दत्तू पहिला आला. मी पास झालो, तो त्यानं महिनाभर माझ्याकडून इंग्रजी घोकून घेतलं म्हणून. त्या सकाळी तांब्यात निखारे घालून त्यानंच दोघांच्या सदऱ्यांना इस्त्री केली होती.

पण अर्जात त्यानं जात लिहिली होती. मी नुसतं 'हिंदू' लिहिलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नव्हतं. पत्ताही बोर्डिंगचा दिला नाही, शाळेतल्या एका मास्तरांचा दिला. फाटकाशी दत्तूला म्हणालो, "आत गेल्यावर आपली वळख न्हाय."

"बरं," तो म्हणाला. एवढंच.

मला आत बोलावलं. दोन साहेब होते. चार प्रश्न झाले. मग चष्मेवाल्या साहेबानं शेजारच्याकडं बघून हसत विचारलं, "बाहेर एक कांबळे आहे. हुशार आहे म्हणे. तुम्हांला त्याच्या शेजारी टेबल दिलं, तर चालेल का हो?"

मी हसलो. होय म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. नुसता हसलो. त्यांच्यासारखा.

"बघा," साहेब शेजारच्याला म्हणाला, "बाकीच्यांना चालायचं नाही." आणि यादीतल्या एका नावावर रेघ मारली.

दत्तूला त्या दिवशी आत बोलावलंच नाही.

पंधरा दिवसांनी मला शेवटच्या मुलाखतीचं पत्र आलं. मुंबईचा मोठा साहेब आला होता. समोर चहाचा कप ठेवला. "चांगल्या घरातला मुलगा आहे," चष्मेवाल्यानं ओळख करून दिली. मोठ्या साहेबानं कागद चाळले. "पहिल्या नंबरचा कांबळे कुठाय?"

"उमेदवारांनीच हरकत घेतली, सर. यांनाच विचारा."

चष्मेवाला निर्धास्त होता. मी पुन्हा हसणार, याची त्याला खात्री होती. तोंडातून गावची बोलीच बाहेर पडली.

"मी हरकत घेतली न्हाय, साहेब. मी हसलो. आनि मीबी म्हारच हाय."

चष्मेवाल्यानं आपली खुर्ची मागं सरकवली. "मग आधी का नाही सांगितलंत? ही फसवणूक आहे!"

"व्हय, फसवलं की. पर तुमास्नी न्हाय. दत्तूला."

मोठ्या साहेबानं माझा कागद बाजूला ठेवला. "जा तुम्ही," म्हणाला.

दत्तू गुळाच्या बाजारात ढेपा उचलत होता. पहिल्या वर्गात मॅट्रिक झालेला पोरगा. खांद्यावर दुमडलेलं पोतं, मानेवर गुळाचा चिकटा, भोवती माशा. मी सगळं सांगितलं. तो ढेप थप्पीवर लावून वळला.

"दार उघडं हुतं," म्हणाला. "तुझं हसनं मला तवाच ऐकू आलंतं."

माझ्यानं मान वर करवेना. पायांवर पडावं वाटलं. पडलो नाही. पायांवर पडून मीच मोकळा झालो असतो, त्याच्या खांद्यावरचं पोतं तिथंच राहिलं असतं.

"काय करू?" विचारलं.

"मला काय इचारतोस? झालं ते लिवून दे. सरकारात दे. समदं. तुझं हसनंबी."

अस्पृश्यता पाळणं कायद्यानं गुन्हा झाला होता. कागदावर. मी त्याच संध्याकाळी तक्रार लिहिली. पाणी लिहिलं, रेघ लिहिली, माझा खोटा पत्ता लिहिला, मी हसलो तेही लिहिलं. खाली पूर्ण नाव, बोर्डिंगचा पत्ता आणि जात.

सरकारी कचेरीतला कारकून वाचून म्हणाला, "अहो, यात तुमचीच अब्रू जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "शिक्का मारा."