परातभर लाल तेल

बसा. चहा उकळेपर्यंत माझ्या अकलेचं एक प्रकरण सांगतो. तुम्हाला हसू येईल, मला अजून येत नाही.

झरीच्या शाळेत मी सारी नोकरी विज्ञान शिकवण्यात घालवली. निवृत्त झालो तेव्हा आमच्या सुमननं, म्हणजे बायकोनं, एकच मागितलं. समुद्र दाखवा. उभ्या जन्मात तिनं तो पाहिला नव्हता. पण तिला लॉजच्या गादीवर झोप येत नाही. म्हणून मी एक जुनी परदेशी घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. गिअरसुद्धा आपोआप पडणारे.

गाडी आली आणि सुमनचे गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं जागची हलली नाही.

यंदा सुमन टुणटुणीत झाली. दिवाळीनंतर निघायचं ठरलं, बॅग भरली. मी शेड उघडलं, तर गाडीखाली हा एवढा लाल डाग. कुणाचा तरी खून झाल्यासारखा.

देवगाव फाट्यावर मुजीबभाईंचं गॅरेज आहे. मोठ्या गाड्यांतला जाणता माणूस. त्यांना फोन लावला.

"सर, गिअरबॉक्सचं तेल हाय ते," मुजीबभाई म्हणाले. "गाडी चालू करा, धा मिनटं तशीच ठिवा, मंग बगा गळतंय का. मी सोनपेठला लग्नात हाय. आठ दिसांनी येतो."

फोन ठेवला आणि माझ्यातला विज्ञानशिक्षक जागा झाला. तेल गळतंय आणि इंजिन चालू करायचं? आतलं सगळं कोरडं घासून जळालं तर? सुमनला म्हणालो, "हे लोक अंदाजपंचे बोलतात. आपण शास्त्रीय पद्धतीनं जाऊ."

शास्त्रीय पद्धत अशी, की सुमनची कणकेची परात गाडीखाली ठेवायची. सकाळी साचलेलं तेल मोजायचं आणि तेवढंच नवं तेल वरून ओतायचं. पहिल्या दिवशी निघालं पाव कप. मी पाव कप ओतलं, वर सावधगिरी म्हणून आणखी थोडं. दुसऱ्या दिवशी परातीत अर्धा कप. मी पाऊण ओतलं. तिसऱ्या दिवशी पाऊण.

"अहो, तुमी जेवढं वतायलात तेवढंच खाली यायलंय," सुमन म्हणाली.

"म्हणजे गळती वाढतेय."

"एकदा चालू तर करून बघा."

"तुला मशिनीतलं काय कळतं?"

हे मी बोललो.

मी ओतायचं माप वाढवतच गेलो. आठव्या दिवशी परात भरून वाहिली. मी पोतं अंथरून गाडीखाली झोपलो होतो, कुठून गळतंय ते शोधत. तेल कपाळावर थेंब थेंब पडत होतं आणि खरं सांगतो, मला रडू आलं. गिअरबॉक्स गेला. या गाडीचा सुटा भाग परभणीत कुठला मिळायला? घरी येऊन सुमनला तसं सांगितलं. तिनं बॅगेतल्या साड्या काढून कपाटात ठेवल्या. भांडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुजीबभाई आले. मी त्यांना गाडीला हातसुद्धा लावू दिला नाही.

"तुम्हीच घेऊन टाका ही. काय द्यायचं ते द्या."

"सर, अगुदर बगू तर द्या."

"बघण्यासारखं काही उरलं नाही."

हट्टानं विक्रीचा कागद केला, सही ठोकली. मग मुजीबभाईंनी बॅटरी जोडून गाडी चालू केली. दहा मिनिटांनी तेल मोजायची दांडी काढून बघितली, जास्तीचं थोडं तेल उपसलं आणि खाली कोरा पुठ्ठा सरकवला. अर्धा तास झाला. पुठ्ठा कोराच.

"सर, गाडी लय दिस उभी ऱ्हायली की वरचं तेल समदं खालच्या टाकीत उतरतंय," मुजीबभाई हळूच म्हणाले. "टाकी भरली की भाईर सांडतंय. चालू केली की परत वर चढतंय. तुमी चालू केलीच न्हाई, आन वतत ऱ्हायलात. मंग ते जाईल कुठं?"

माणूस भला. म्हणाले, "कागद फाडून टाकू, सर."

आणि मी काय म्हणावं? "नको. शिक्षकाची सही आहे." मागे शेडच्या दारात सुमन उभी होती, हे मला नंतर कळलं.

मुजीबभाई आपल्या बायकोला घेऊन त्याच गाडीतून कोकणात निघाले. सुमनला म्हणाले, "भाभी, चला. सर, तुमी बी चला." सुमननं साड्या पुन्हा बॅगेत भरल्या. मी कुठल्या तोंडानं जाणार? राहिलो घरी, स्वतःच्या हातची खिचडी खात.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. मागे लाटांचा आवाज. मला राहवलं नाही. विचारलं, "गाडी कुठं गळत नाही ना?"

"न्हाई," सुमन शांतपणे म्हणाली. "तुमी घरी हाव ना."