शिंपल्यात मावेल एवढं

आमच्या मावशींच्या सॅकला एक मोठा पांढरा शिंपला लोंबत असायचा. त्या चालायला लागल्या की तो बक्कलवर टकटक वाजायचा. इंग्लंडमधल्या स्लाऊच्या वेअरहाऊसमध्ये पॅकिंगला आम्ही शेजारी-शेजारी. त्या इथल्या जुन्या. मी नवी, नववीतच शाळा सुटलेली. आज मी चार लोकांत तोंड उघडते, ते त्यांच्यामुळे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मॅडम काय म्हणतेस? मावशी म्हण."

सुट्टी मिळाली की मावशी चालायला जायच्या. शेकडो वर्षांपूर्वी ख्रिस्ती यात्रेकरू ज्या वाटांनी कँटरबरीला, पार स्पेनमधल्या सांतियागोला जात, त्या वाटांनी. शिंपला ही सांतियागोच्या यात्रेची खूण.

"तुम्ही ख्रिश्चन झालात का?" मी एकदा भीतभीत विचारलं.

"छे गं! घरी गणपती बसतो की. पाय तेवढे ख्रिश्चन झालेत."

त्या सांगायच्या, सरदार असो की सुतार, यात्रेकरू वाटेत मागून खायचे. शिंपल्यात मावेल एवढं मागायचं आणि लाजायचं नाही. मला नेमकं तेच जमेना. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि मॅनेजरकडे रजा मागायला जीभ रेटत नव्हती. इंग्रजी चुकेल, तो हसेल, नोकरीच जाईल.

"मावशी, तुम्हीच विचारा ना."

"मी का? लग्न माझ्या बहिणीचं आहे?"

एका शनिवारी त्यांनी मला विंचेस्टरला नेलं. तिथल्या एका जुन्या धर्मशाळेत वाटसरूला अजूनही पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर मिळते. पण आपणहून कुणी देत नाही, मागावी लागते. दारातच मावशी बुटाची नाडी बांधायला वाकल्या, त्या उठेचनात. आतले आजोबा माझ्याकडे बघत होते. शेवटी मीच म्हणाले, "प्लीज... ब्रेड?"

त्यांनी हसून पाव पुढे केला. बिअर अर्थातच मावशींनी प्यायली. "बघ, खाल्लं का कुणी तुला?"

सोमवारी मी रजा मागितली. स्क्रीनवरची नजरही न हलवता मॅनेजर म्हणाला, "येस, फाइन." आणि एवढ्यासाठी माझी झोप उडाली होती!

लग्न उरकून परतले, तर मावशी रिटायर होऊन लीड्सला लेकीकडे निघालेल्या. शेवटच्या दिवशी सगळ्यांना चिवडा वाटून झाला, लॉकर रिकामा झाला, तरी त्या कोट घालून माझ्यासमोर उभ्याच. सॅक टेबलावर ठेवलेली, शिंपला माझ्या बाजूला. मला जरा उशिराच उमगलं.

"मावशी, तो शिंपला मला द्याल?"

"दमवलंस गं बाई," म्हणाल्या आणि गाठ सोडायला लागल्या.